सीमेवरील मूस : कारणमीमांसेची चिकित्सा

मूस हा हरिणकुलातील सर्वांत मोठा प्राणी. उत्तरेकडील थंड अरण्ये हे त्याचे वसतिस्थान. अमेरिकेतील मिनेसोटा राज्य त्याच्या दक्षिण सीमेवर येते. या राज्याच्या वायव्य भागात १९८०–९० या दशकाच्या मध्यास सुमारे ४,००० मूस होते. पुढील वीस वर्षांत ते शंभराच्याही खाली आले. ईशान्य भागात हवाई गणनेवरून केलेला अंदाज २००६ मध्ये ८,८४० होता, तो २०१३ मध्ये २,७६० वर उतरला. या ऱ्हासाची जी मीमांसा झाली तिची पद्धती तपासणे, एवढाच येथे हेतू आहे.

उष्णता हे कारण प्रथम सुचते. उन्हाळ्यात १४ व हिवाळ्यात उणे ५ अंश सेल्सिअसच्या वर मूसला उष्णतेचा ताण होतो, असे रेनेकर व हडसन यांनी १९८६ मध्ये दाखविले. पुढे हे आकडे निसर्गनियमासारखे उद्धृत होऊ लागले. वस्तुतः ते अल्बर्टातील अवघ्या दोन बंदिस्त मूसांवरून काढलेले होते. २०१३ मध्ये मॅककॅन व सहकाऱ्यांना ही उन्हाळी मर्यादा वारा नसताना १७ व वारा असताना २४ अंश आढळली. म्हणजे ज्या पट्टीने मोजमाप चालले होते ती पट्टीच स्थिर नव्हती.

लेनार्झ व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जानेवारीतील उबदारपणा व मूसांचे जीवितमान यांचा व्यस्त संबंध दाखविला. मेक व फीबर्ग यांनी २०१४ मध्ये त्याची फेरतपासणी करून लांडग्यांच्या भूमिकेकडे लक्ष वेधले. दोन्ही लेख वाचनीय आहेत. परंतु सहसंबंधावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हा आक्षेप दोघांनाही सारखाच लागू पडतो.

मरे व सहकाऱ्यांचा वायव्य भागावरील २००६ चा प्रबंध या दृष्टीने अधिक मोलाचा वाटतो. हवामानाचा विचार त्यांनीही केला. पण मृत जनावरांत यकृतकृमी, मेंदूतील कृमी व कुपोषण यांचा शोधही घेतला. मेंदूतील कृमीचा नेहमीचा आश्रयदाता पांढऱ्या शेपटीचे हरिण होय. त्या हरिणाला तो फारसा बाधत नाही. गोगलगायींमार्फत मूसच्या पोटात गेला, तर बहुधा प्राणघातक ठरतो. सौम्य हिवाळ्यात ही हरणे अधिक तगतात. तेव्हा उष्णता मूसला थेट न मारता हरणांच्या वाटेनेही मारू शकते.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. दोष उष्णतेचा ठरला तर स्थानिक वनव्यवस्थापक हतबल होतो. हरणांचा ठरला तर त्यांची संख्या आटोक्यात ठेवणे त्याच्या हाती राहते. लांडग्यांचा ठरला तर बंदूक पुढे येते. कारणाची निवड ही उपायाचीही निवड असते.

राज्याने २०१३ मध्ये मूसची शिकार थांबविली. त्याच वर्षी मूसांना संदेश पाठविणारे गळपट्टे बांधून, मृत्यूनंतर चोवीस तासांत शवापर्यंत पोहोचण्याचा उपक्रम सुरू झाला. लांडग्यांनी मारलेले काही मूस आधीच रोगग्रस्त होते, असे त्यातून दिसून आले. अशा मृत्यूची नोंद कोणत्या रकान्यात करावी? सीमेवरील प्राणी एका कारणाने क्वचितच मरतो. म्हणून त्याच्या अभ्यासकाने आलेखाइतकेच शवविच्छेदनाला महत्त्व द्यावे, आणि निकटचे कारण व मूळ कारण यांतील भेद प्रत्येक निष्कर्षात स्पष्ट नोंदवावा.