गळा कुणाचा, चेहरा कुणाचा

१९९२ ते १९९९ या काळात माढ्याच्या एसटी स्टँडजवळ माझं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. ‘भरून देणं’ म्हणजे काय, हे आताच्या मुलांना सांगावं लागतं. गिऱ्हाईक गाण्यांची यादी आणायचं, आम्ही साठ किंवा नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर ती गाणी उतरवायचो आणि डबीतल्या कागदावर नावं लिहून द्यायचो. कायद्याच्या नजरेतून हा धंदा कसा होता ते आज कळतं. तेव्हा त्यावर घर चालत होतं. हा लेख त्या कागदावर मी लिहिलेल्या नावांबद्दल आहे, आणि दुकानात आलेल्या एका परदेशी गाण्याबद्दल आहे. ते गाणं तेव्हा आमच्या गिऱ्हाइकांना धड आवडलंही नाही आणि त्यांनी ते टाकूनही दिलं नाही.

ते इटलीच्या ‘कोरोना’ या गटाचं. (२०२० नंतर हे नाव उच्चारलं की समोरचा आधी मास्कबद्दल काहीतरी बोलतो. त्याला माझा इलाज नाही.) निर्माता फ्रान्चेस्को बोन्तेम्पी, चेहरा ओल्गा डिसूझा ही ब्राझीलची मॉडेल. १९९३च्या अखेरीस इटलीत आलेलं ‘द रिदम ऑफ द नाइट’ हे त्यांचं पहिलं गाणं तिथे पहिल्या क्रमांकावर गेलं, पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर. आमच्याकडे ते केबलवरच्या चॅनल व्हीमधून आणि सोलापूरहून आणलेल्या मिश्र कॅसेटींमधून पोचलं. शाळा-कॉलेजच्या गॅदरिंगला आणि गणपतीच्या मांडवात त्यावर मुलं नाचली. इंग्रजी शब्द कुणालाच कळत नव्हते, पण त्या बाईचा आवाज वर चढला की मांडवातल्या दिव्यांच्या माळा हलल्यासारख्या वाटायच्या. ही अतिशयोक्ती असेल. मला तसं आठवतं, एवढंच.

त्यानंतर १९९५मध्ये ‘बेबी बेबी’ आणि ‘ट्राय मी आउट’ ही गाणी आली. ब्रिटनमध्ये ती अनुक्रमे पाचव्या आणि सहाव्या क्रमांकापर्यंत गेली. मग त्याच वर्षी ‘आय डोन्ट वाना बी अ स्टार’ आलं, आणि हे मात्र तिथे पहिल्या दहात पोचलं नाही. माझ्या दुकानात ते लावलं तेव्हा बाकावर बसलेल्या पोरांचे दोन तट पडले. एकाचं म्हणणं, हे जुन्या डिस्कोसारखं आहे, ऐकायला बरं आहे. दुसरा, जो ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवायचा, तो म्हणाला, “ही ती बाई नाही. आवाज बदललाय.” आम्ही त्याला वेड्यात काढलं. कॅसेटवर तोच फोटो होता की!

तो बरोबर होता, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. ‘द रिदम ऑफ द नाइट’ ओल्गा डिसूझाने गायलेलंच नाही. ते गायलं होतं जोव्हाना बेर्सोला या सिसिलीतल्या कातानियाच्या गायिकेने. ‘जेनी बी’ हे तिचं गाण्यातलं नाव. पुढची तिन्ही गाणी सँड्रा चेंबर्स हिच्या आवाजात आहेत. ओल्गाने पडद्यावर ओठ हलवले, आणि रंगमंचावर नाचत गटाचं नाव जगभर फिरवलं.

इथे मला एक प्रश्न पडला, आणि या लेखाचं निमित्त तोच आहे. आवाज तर ‘बेबी बेबी’पासूनच बदलला होता. मग ती दोन गाणी चालली आणि चौथ्यालाच लोक का अडखळले? ‘तोच तो साचा लोकांना शिळा झाला’ हे नेहमीचं उत्तर मला पुरत नाही, कारण चौथ्या गाण्यात साचा बदललेलाच आहे. मी ही चारही गाणी हेडफोन लावून पुन्हापुन्हा ऐकली. ‘बेबी बेबी’त आवाजाला जागाच कमी आहे. छोटे तुकडे, त्यांची आवर्तनं, आणि खाली एकसारखा ठोका. (बोन्तेम्पीने ‘ली मॅरो’ या नावाने १९९१ साली केलेल्या ‘बेब बेब’चंच ते नवं रूप. त्याने चाल आधी केली, गळा नंतर शोधला.) अशा गाण्यात गायिका बदलली तरी ठोका सांभाळून घेतो. ‘ट्राय मी आउट’चंही थोड्याफार फरकाने तेच. ‘आय डोन्ट वाना बी अ स्टार’मध्ये बोन्तेम्पी सत्तरच्या दशकातल्या डिस्कोकडे वळला. वाद्यांची गर्दी सैल झाली, ओळी लांब झाल्या, आणि पहिल्यांदाच गळ्यावर भार आला. सँड्रा चेंबर्सचा आवाज वाईट नाही. तो नेटका आहे, शब्द कापून टाकणारा आहे. पण ऐकणाऱ्याच्या कानात पहिल्या गाण्यातला तो मोकळा सोडलेला, वरच्या पट्टीत रुंद होत जाणारा आवाज बसलेला होता, आणि फोटो तर तोच. कान एक मागत होता, डोळा दुसरंच सांगत होता. हे गाणं ‘कमी’ वाटलं त्याचं कारण माझ्या मते इथे आहे. गाणं म्हणून ते पहिल्याच्या तोडीचं नाहीच, धृपद उगाच ताणलंय, हेही खरं. पण ‘ट्राय मी आउट’पेक्षा मला ते आज जास्त आवडतं.

आणि त्याचं नाव पाहा. मला तारका व्हायचं नाही, असं म्हणणारं गाणं. लिहिणारे वेगळे, गाणारी वेगळी, आणि ते गातेय असं दाखवणारी तिसरीच. ज्या बाईच्या गळ्यातून ते वाक्य निघालं तिला तारका करण्याचा कुणाचा विचारच नव्हता. हा विनोद बोन्तेम्पीने मुद्दाम केला असेल असं मला वाटत नाही.

युरोपात ही गोष्ट नवी नव्हती. आपल्याकडेही टेपरेकॉर्डर असलेल्या घरांत ज्याच्या कॅसेटी असत, त्या ‘बोनी एम’मधला पुरुषी आवाज निर्माता फ्रँक फारियनचा होता, नाचायचा बॉबी फॅरेल. त्याच फारियनच्या ‘मिली व्हॅनिली’तले दोघं स्वतः गात नव्हते हे उघड झालं, तेव्हा १९९०मध्ये त्यांना दिलेला ग्रॅमी काढून घेतला गेला. इटलीच्याच ‘ब्लॅक बॉक्स’ गटात मार्था वॉश गायची आणि व्हिडिओत दुसरी मॉडेल दिसायची. वॉश कोर्टात गेली. गाणाऱ्याचं नाव छापलं जाण्याच्या रिवाजाला अमेरिकेत बळ आलं ते तिच्या अशा लढ्यांमुळे. तिकडची चर्चा बहुतेक ‘फसवणूक’ या शब्दाभोवती फिरते. प्रेक्षकाला फसवलं, म्हणून राग.

आपल्याला हा राग नीट कळत नाही. पार्श्वगायनावर वाढलेल्या माणसाला पडद्यावरची बाई गात नाही याचं नवल का वाटावं? ‘सवाल माझा ऐका’ (१९६४) पाहताना जयश्री गडकर नाचतात आणि गळा सुलोचना चव्हाणांचा असतो, हे खेड्यातल्या प्रेक्षकालाही ठाऊक होतं. त्यात फसवणूक नाही. पण नाव? ‘महल’ (१९४९) चित्रपटातल्या गाण्याच्या सुरुवातीच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलं होतं. कामिनी हे चित्रपटातल्या पात्राचं नाव. गाणाऱ्या होत्या लता मंगेशकर. श्रोत्यांनी रेडिओला पत्रं लिहून विचारलं, तेव्हा नाव बाहेर आलं. फिल्मफेअरमध्ये पार्श्वगायनाला वेगळा पुरस्कार नव्हता, तो १९५९पासून सुरू झाला, आणि त्यासाठीही लताबाईंना अडून बसावं लागलं. म्हणजे तिकडे प्रश्न होता प्रेक्षकाचा आणि इकडे गाणारीचा. माझ्या मते खरा प्रश्न दुसराच आहे, पहिला त्याच्यावर घातलेलं पांघरूण. जेनी बीला तिच्या स्वतःच्या नावाने मोठा मान मिळाला तो २०००मध्ये, सान रेमो महोत्सवात नवोदितांची स्पर्धा जिंकून. नवोदित! तोवर तिच्या आवाजावर निम्मं जग नाचून झालं होतं.

आमच्या तालुक्यात या सगळ्याला एक जुनी पद्धत आहे. मोडनिंब माढा तालुक्यातच आहे. तिथल्या कला केंद्रांमुळे संगीत बारी आम्हाला परकी नाही. बारीत पुढे नाचणाऱ्या, मागे पेटी, तबला, ढोलकी आणि गाणाऱ्या. नाचायचं वय सरलं की अनेकजणी मागे येऊन गातात. गळा एकीचा आणि अदा दुसरीची, दोघीही एकाच उजेडात. बघणाऱ्याला दोन्ही दिसतं. बोन्तेम्पीने स्टुडिओच्या भिंतीआड केलं ते इथे सतरंजीवर उघड चालतं.

त्यातलीच एक वयस्क बाई १९९६च्या सुमारास माझ्या दुकानात आली. तिला जुन्या लावण्यांची एक कॅसेट भरून हवी होती, नव्या मुलींना ऐकवायला. मी भरली, आणि सवयीने कागदावर वर ठळक अक्षरांत एका नटीचं नाव टाकून खाली ‘च्या लावण्या’ असं लिहिलं. गिऱ्हाईक नटीच्या नावाने मागायचं, म्हणून मी तसंच लिहायचो. तिने कागद दूर धरून वाचला.

“बाळा, नाचणारीचं लिवलंस. गानारीचं कुठाय?”

मी म्हणालो, “मावशी, सगळे असंच मागतात.”

“मागू दे. तू लिव की.”

मी लिहिलं. पण त्या एकाच कॅसेटवर. माझ्या फळीवर तेव्हा तीनशेच्या आसपास कॅसेटी असतील. बहुतेकांवर चित्रपटाचं नाव होतं किंवा नटनट्यांचं, आणि परदेशी कॅसेटींवर ज्याचा फोटो त्याचं. ‘कोरोना’च्या कॅसेटवर तर मी माझ्या पदरचं लिहून ठेवलं होतं: ‘गायिका ओल्गा’. कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही. फोटो बाईचा होता, आवाज बाईचा होता, जुळवून टाकलं. त्या कागदाच्या किती नकला तालुक्यात गेल्या असतील याचा हिशेब नाही. तेव्हा बोन्तेम्पीवर टीका करताना माझा हात थोडा जड होतो.

यात काही बदललं का? २००६च्या ‘जत्रा’मधलं ‘कोंबडी पळाली’ घ्या. संगीत अजय-अतुल, आवाज वैशाली सामंत आणि आनंद शिंदे. शिंदे घराणं मूळचं मंगळवेढ्याचं, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातलं. प्रल्हाद शिंद्यांपासून या घरातले आवाज आमच्याकडे चेहऱ्याशिवाय ओळखले जातात. पुढे हीच चाल २०१२मध्ये ‘अग्निपथ’साठी ‘चिकनी चमेली’ झाली. संगीतकार तेच, गायिका श्रेया घोषाल, पडद्यावर कतरिना कैफ. नावं सगळीकडे नीट छापली होती, तक्रारीला जागा नाही. तरी वरातीत हिंदी गाणं लागलं की आमच्याकडे कुणीतरी डीजेवाल्याला मराठी लावायला सांगतोच. विचारलं तर म्हणतो, “त्यात ती मजा नाही.” चाल तीच, मग ‘ती’ म्हणजे कोणती? माझ्या ऑक्टोपॅडवाल्यासारखाच त्यालाही गळा ओळखू येतो. फक्त तो गळ्याचं नाव घेत नाही, गाण्याला कमी लेखतो. गाजलेल्या गाण्यानंतरच्या गाण्याचं स्वागत संमिश्र का होतं, याची चर्चा करताना हे ऐकणाऱ्याचं अडखळणं समीक्षेने गंभीरपणे घ्यायला हवं. त्याला शब्द सापडत नाही म्हणून त्याचा कान चुकीचा ठरत नाही.

उलट बाजूही आहे. हे सगळं कळल्यावर काही वर्षं मी ओल्गा डिसूझाबद्दल तुच्छतेने बोलत असे. ते बरोबर नव्हतं. रात्रीमागून रात्री रंगमंचावर उभं राहून तिने जे केलं ते कष्टाचं काम आहे. बारीत नाचणारीला कुणी खोटी म्हणत नाही, मग हिला का? क्लेअर डेनिसच्या ‘बो त्राव्हाय’ (१९९९) या फ्रेंच चित्रपटाच्या शेवटी डेनी लावाँ हा नट एकटाच ‘द रिदम ऑफ द नाइट’वर नाचतो. तिथे ओल्गा नाही, जेनी बीचा आवाज आहे आणि एका पुरुषाचं अंग आहे. ते पाहताना मला पहिल्यांदा वाटलं की या गाण्याला नाचणारं शरीर लागतंच, मग ते कुणाचंही असो. वाद नाचण्याशी नाही. तो कागदावर काय लिहिलं आणि पैशाची वाटणी कशी झाली, याच्याशी आहे.

दुकान बंद केलं तेव्हा फळीवरच्या बहुतेक कॅसेटी वाटून टाकल्या. ‘कोरोना’ची राहिली. टेप आता जागोजागी चिकटते, चौथं गाणं तर मधेच बुडतं आणि पुन्हा वर येतं. गेल्या पावसाळ्यात तिचा कागद काढून ‘गायिका’ हा शब्द खोडला. ‘नृत्य ओल्गा डिसूझा’ केलं. पहिल्या गाण्यापुढे जेनी बी लिहिलं, बाकी तिघांपुढे सँड्रा चेंबर्स. समोरच्या बाजूला जागा उरली नाही, म्हणून बोन्तेम्पीचं नाव मागे गेलं.