‘नुकतीच’ या शब्दाचा घोटाळा

इंग्रजी व्याकरणाच्या आपल्याकडील बहुतेक गाइडांत ‘प्रेझेंट परफेक्ट’ची व्याख्या एका ओळीत आटोपलेली असते : नुकतीच पूर्ण झालेली क्रिया. वाक्यात ‘जस्ट’ असेल तर ही व्याख्या चालून जाते. पण विज्ञानात एखादा नियम तपासावा तशी ती तपासून पाहू.

घंटा एका मिनिटापूर्वी वाजली. याहून ‘नुकतीच’ घडलेली क्रिया कोणती? तरी इंग्रजीत ‘द बेल रँग अ मिनिट अगो’ असेच म्हणावे लागते; ‘हॅज रंग’ चालत नाही. उलट सूर्य सुमारे साडेचार अब्ज वर्षे तळपत आहे आणि तिथे मात्र ‘द सन हॅज शोन’ हेच योग्य. क्रिया ना नुकतीच, ना पूर्ण! दोन साध्या उदाहरणांत नियम कोसळतो.

मग निवड ठरते कशावर? याचे नेटके उत्तर हान्स रायशेनबाख यांनी दिले. हे मूळचे भौतिकशास्त्राचे अभ्यासक. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात त्यांनी काळाचे विवेचन तीन बिंदूंनी केले : घटनेचा क्षण, बोलण्याचा क्षण आणि आपण जिथे उभे राहून घटनेकडे पाहतो तो क्षण. हा तिसरा बिंदू घटनेपाशी असला की साधा भूतकाळ. बोलण्याच्या क्षणापाशी असला की प्रेझेंट परफेक्ट. ‘काल’, ‘१९३० साली’, ‘एका मिनिटापूर्वी’ हे शब्द पाहणाऱ्याला मागे नेऊन उभे करतात, म्हणून ते ‘हॅव’शी जुळत नाहीत. घटना किती जुनी, हा प्रश्नच गौण ठरतो.

मराठी मुलांची खरी अडचण मात्र वेगळी आहे. ‘केले’ म्हणजे साधा भूतकाळ आणि ‘केले आहे’ म्हणजे परफेक्ट, असे समीकरण त्यांना शिकवले जाते. पण मराठीत ‘मी काल पत्र पाठवले आहे’ हे निर्दोष वाक्य आहे. त्याचेच शब्दशः ‘आय हॅव सेंट अ लेटर यस्टरडे’ होते, आणि वहीत लाल रेघ उमटते. उलट दिशेनेही तेच. एसटी थांब्यावर शिरताना आपण ‘आली, आली!’ म्हणतो, ‘आली आहे’ म्हणत नाही. तिथे इंग्रजीला ‘हॅज कम’ लागेल. ‘मी इथे दहा वर्षे शिकवतो आहे’ यात तर मराठीला वर्तमानकाळच पुरतो, इंग्रजी मागते ‘हॅव टॉट’. मराठीतला ‘आहे’ आपल्या जागी ठीक आहे, त्याला ‘हॅव’चा प्रतिनिधी करणे चूक.

विज्ञानाच्या शिक्षकाला हा फरक प्रयोगशाळेत सहज दाखवता येईल. निळा लिटमस आम्लात बुडवला, कागद हातात आहे, मुले पाहत आहेत : ‘इट हॅज टर्न्ड रेड.’ तोच प्रयोग नंतर वहीत लिहिताना : ‘द पेपर टर्न्ड रेड.’ प्रयोग एकच, बदलली ती पाहण्याची जागा.

सर्वांत जास्त आक्षेप घ्यायला हवा तो रिकाम्या जागा भरण्याच्या प्रश्नांवर. ‘आय ___ हिम धिस मॉर्निंग’, कंसात ‘सी’. हे वाक्य सकाळी दहाला उच्चारले तर ‘हॅव सीन’ शोभते, कारण सकाळ अजून संपलेली नाही. दुपारी चारला मात्र ‘सॉ’. प्रश्नपत्रिकेत घड्याळ नसते, पण उत्तरसूचीत उत्तर एकच असते. शिवाय ‘जस्ट’ किंवा ‘ऑलरेडी’ असूनही अमेरिकन बोलण्यात साधा भूतकाळ सर्रास येतो. म्हणजे ‘आय जस्ट सॉ हिम’ लिहिणारा मुलगा अर्ध्या इंग्रजी जगाला बरोबर वाटेल आणि आपल्या तपासनिसाला चूक. अशा प्रश्नापूर्वी कोण, केव्हा, कुणाशी बोलत आहे हे सांगणाऱ्या दोन ओळी छापल्या, तर कागद थोडासाच वाढेल.