‘पानिपत’ चित्रपट आणि परतूरचा तळ

जालना जिल्ह्यात वाटूर फाट्यावरून परतूरकडे रस्ता वळतो. ज्या फौजेचा 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर संहार झाला, ती फौज सदाशिवरावभाऊंच्या आधिपत्याखाली 14 मार्च 1760 रोजी याच परतूरच्या तळावरून उत्तरेकडे निघाली होती. आशुतोष गोवारीकर दिग्दर्शित ‘पानिपत’ (2019) या हिंदी चित्रपटाचे परीक्षण करताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

चित्रपटाचा प्रारंभ उदगीरच्या विजयाने होतो. त्यानंतर पुण्यातील विजयोत्सव, पार्वतीबाईंशी भाऊंचा विवाह आणि मग उत्तरेची स्वारी, असा घटनाक्रम दाखविला आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. उदगीरची लढाई 3 फेब्रुवारी 1760 रोजी झाली. दत्ताजी शिंदे 10 जानेवारीस बुराडी घाटावर पडल्याचे वृत्त दक्षिणेत आल्यावर परतूर येथे नानासाहेब पेशवे व भाऊ यांची मसलत झाली आणि उदगीरनंतर अवघ्या चाळीस दिवसांत फौज तेथूनच परस्पर निघाली. पार्वतीबाईंचा विवाह तर कित्येक वर्षे आधीच झालेला होता. इब्राहिमखान गारदी चित्रपटात उदगीरनंतर निजामाच्या पदरातून भाऊंकडे येतो. प्रत्यक्षात त्या लढाईतच त्याच्या तोफा मराठ्यांच्या बाजूने चालल्या होत्या.

कलावंताला काळाचा संक्षेप करण्याची मुभा असते, हे सर्वमान्य आहे. प्रश्न एवढाच की, त्या बदलाने कार्यकारणभाव बदलतो काय? विवाहाचा काळ पुढे ओढल्याने पानिपताची मीमांसा फारशी बिघडत नाही. परतूर गळल्याने मात्र बिघडते. एका मोहिमेतून थेट दुसऱ्या मोहिमेवर, अपुऱ्या द्रव्यानिशी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर निघालेली फौज पावसाळ्यात यमुनेच्या पुराशी अडली, हा पराभवाच्या कारणपरंपरेचा एक महत्त्वाचा दुवा होय. पुण्यात उत्सव करून निघालेल्या फौजेच्या चित्रात तो दुवाच नाहीसा होतो. चित्रपटातील उपासमारीची दृश्ये परिणामकारक आहेत. परंतु तिचे मूळ प्रेक्षकाला अर्धेच कळते.

चित्रपटावर जी टीका झाली, तिचे स्वरूपही उद्बोधक आहे. सूरजमल जाट मदतीच्या मोबदल्यात आग्र्याचा किल्ला मागतो, या चित्रणावरून राजस्थानात निदर्शने झाली आणि निर्मात्यांनी सुमारे 11 मिनिटांचा भाग वगळला. पानिपतानंतर आश्रयास आलेल्या मराठ्यांना सूरजमलाने अन्नवस्त्र दिले, हे पाहता तो रोष अनाठायी नव्हता. तथापि उदगीर ते परतूर हा काळ पुसला गेल्याबद्दल कोणी हरकत घेतली नाही. पूर्वजांचा मान दुखावला की इतिहास आठवतो. तिथी व स्थळे दुखावली तर त्यांची बाजू मांडणारा कोणी नसतो. ती बाजू मांडणे हे अभ्यासकाचे काम आहे.

यावरून चित्रपट त्याज्य ठरत नाही. इब्राहिमखानाची निष्ठा ठसठशीतपणे मांडून या लढ्याला केवळ धर्मयुद्धाचे रूप येऊ न देणे, हा त्याचा निश्चित गुण होय. परंतु ऐतिहासिक चित्रपटाची निष्ठा वेशभूषेवर अथवा गौरवाच्या मात्रेवर मोजता येत नाही. कोणती घटना कोठे, केव्हा व कशामुळे घडली, हा क्रम कितपत सांभाळला, हाच तिचा निकष होय. आणि त्या निकषावर ‘पानिपत’ परतूरलाच उणा पडतो.