वाद कसा सांभाळावा? : घटना समितीच्या चर्चांचे एक वाचन

सभा भरविणे सोपे, ती चालविणे कठीण. पतपेढीची वार्षिक सभा असो, शाळेतील पालकांची बैठक असो वा आपल्याच पॅरिश कौन्सिलची, अनुभव बहुधा सारखाच येतो. दोघे-तिघे सगळा वेळ घेतात, कोणी रागावून उठून जातो आणि उरलेले सभासद सभेत जे बोलायचे ते घरी जाऊन बोलतात. दोष आपण बोलणाऱ्यांना देतो. अध्यक्षस्थानी बसलेल्या माणसाचे काम नेमके कोणते, याचा विचार मात्र आपल्याकडे क्वचितच होतो.

असा विचार करू इच्छिणाऱ्याने भारताच्या घटना समितीच्या चर्चांचे बारा खंड अवश्य चाळावेत. ते केवळ वकिलांसाठी आहेत, हा समज चुकीचा आहे. शब्दशः टिपून ठेवलेले हे संवाद एक वाङ्मयकृती म्हणून वाचले, तर अध्यक्षपदाच्या कसोटीचे असे चित्र अन्यत्र सहसा सापडत नाही. ९ डिसेंबर १९४६ रोजी समितीची पहिली बैठक भरली. तेथपासून २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकृत होईपर्यंत अकरा अधिवेशने झाली आणि कामकाज १६५ दिवस चालले. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचविण्यात आल्या. त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. एवढ्या मतभेदांतून सभा मोडू न देता पार नेण्याची जबाबदारी प्रामुख्याने डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्यावर होती.

अध्यक्षापुढचा पहिला पेच, कोणाला केव्हा बोलू द्यावे हा. पंडित नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ रोजी उद्दिष्टांचा ठराव मांडला. मुस्लिम लीग सभागृहाबाहेर होती. लीगचे व संस्थानांचे प्रतिनिधी येईपर्यंत थांबावे, अशी दुरुस्ती मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी मांडली. अनेकांना ती रुचली नाही. दुसऱ्या दिवशी, १७ तारखेस, अध्यक्षांनी डॉ. आंबेडकरांचे नाव पुकारले. स्वतः आंबेडकरांनाच त्याचे आश्चर्य वाटले. आपल्या आधी वीस-बावीस नावे आहेत, आपली पाळी आलीच तर उद्या येईल, असा आपला समज होता, हे त्यांनी आरंभीच सांगितले. काँग्रेसचे कठोर टीकाकार म्हणून ते सर्वांना परिचित होते. त्यांनी ठरावातील उणिवा दाखविल्या आणि जयकरांच्या सूचनेला पाठिंबा दिला. ठराव त्या अधिवेशनात मंजूर झाला नाही. तो २२ जानेवारी १९४७ रोजी मंजूर झाला.

नावांच्या यादीप्रमाणे चालणे यातच न्याय आहे, असे आपण मानतो. परंतु यादी दुपारी संपते आणि तोवर मने घट्ट झालेली असतात. वेगळे मत निर्णय मोकळा असतानाच कानी पडले पाहिजे, ही जाण नियमांच्या पुस्तकात मिळत नाही.

दुसरा पेच अधिक बिकट, आणि तो आपल्याला जवळचा आहे. मसुद्यातील कलम १९, म्हणजे आजच्या घटनेतील कलम २५, हे ३ व ६ डिसेंबर १९४८ रोजी चर्चेस आले. धर्माचा प्रचार करण्याचा हक्क घटनेत असावा की नसावा, हा त्यातील वादाचा मुद्दा होता. आसनावर उपाध्यक्ष डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी होते. हे बंगालचे इंग्रजीचे प्राध्यापक ख्रिस्ती होते. ज्या प्रश्नाचा निकाल त्यांच्या समाजाला सर्वांत अधिक भिडणार होता, तोच त्यांना निःपक्षपातीपणे हाताळायचा होता. ताजम्मुल हुसेन यांनी हा हक्क नाकारण्याची बाजू मांडली. ओरिसाचे लोकनाथ मिश्र यांची भाषा तर फारच कडवट होती. या कलमाने हिंदू समाज दास्यात जाईल, असा त्यांचा आरोप होता. आजही ते भाषण वाचताना ख्रिस्ती वाचकाचे मन दुखावते.

पण ते भाषण झाले, नोंदले गेले, आणि त्याला उत्तर आले ते हिंदू सभासदांकडूनच. आपण सुमारे चौदा वर्षे ख्रिस्ती संस्थांत शिकलो, परंतु आपल्याला धर्मांतरित करण्याचा प्रयत्न कोणी केला नाही, असे टी. टी. कृष्णमाचारी यांनी सांगितले. हा शब्द अल्पसंख्याकांशी झालेल्या तडजोडीचा भाग आहे, याची आठवण कन्हैयालाल मुन्शी यांनी करून दिली. शब्द राहिला. मिश्रांना बोलू दिले नसते, तर त्यांचा आक्षेप बाहेर कुजबुजत राहिला असता आणि कृष्णमाचारींच्या साक्षीला निमित्तच उरले नसते. अप्रिय बोलणे ऐकवत नाही म्हणून ते बंद करणारा अध्यक्ष आपल्या माणसांचे रक्षण करतो असे वाटते. प्रत्यक्षात तो त्यांच्या मित्रांनाही मुके करतो.

तिसरा पेच भाषेचा. १० डिसेंबर १९४६ रोजीच त्याची ठिणगी पडली होती. झाशीचे रघुनाथ विनायक धुळेकर हिंदुस्थानीतून बोलू लागले. पुष्कळ सभासदांना ती कळत नाही, असे हंगामी अध्यक्ष सच्चिदानंद सिन्हा यांनी सांगताच, ती न येणाऱ्यांना या देशात राहण्याचा अधिकार नाही, असे धुळेकरांनी ऐकविले. सप्टेंबर १९४९ मध्ये राजभाषेचा प्रश्न चर्चेस आला, तेव्हा तीनशेहून अधिक दुरुस्त्या दाखल होत्या. राजेंद्रप्रसादांनी प्रारंभीच दोन गोष्टी बजावल्या. कोणाचे मन दुखावेल असा शब्द तोंडून निघू नये. आणि एखादी गोष्ट बहुमताने संमत झाली तरी उत्तरेतील वा दक्षिणेतील मोठ्या जनसमूहाला ती मान्य नसेल, तर घटना अमलात आणणे अतिशय कठीण होईल. मते मोजणे हे अध्यक्षाचे काम खरेच. पण ज्यांची मते कमी पडली, त्यांनाही उद्या याच घरात राहायचे आहे, याचे भान ठेवणे हे त्याहून मोठे काम. १४ सप्टेंबरला तडजोड झाली. तिने सर्वांचे समाधान झाले नाही, तरी घर दुभंगले नाही.

या खंडांची उणीवही सांगितली पाहिजे. अनेक वादग्रस्त कलमांचा निर्णय काँग्रेस सभासदांच्या स्वतंत्र बैठकीत आधीच होत असे. सभागृहात मग पुष्कळदा केवळ भाषणे उरत. जो निर्णय दुसऱ्या खोलीत झाला, त्यावर उत्तमातील उत्तम अध्यक्षाचाही इलाज चालत नाही. आपल्या छोट्या सभांचा रोगही बहुधा हाच असतो.

तरीही हरणाऱ्यांना जागा होती, हे महत्त्वाचे. प्रा. के. टी. शहा यांच्या बहुतेक दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी पहिल्या कलमात ‘धर्मनिरपेक्ष’ व ‘समाजवादी’ हे शब्द घालण्याची त्यांची सूचनाही नामंजूर झाली. पुढे १९७६ साली तेच शब्द घटनेच्या उद्देशिकेत आले. ते येणे योग्य होते की नाही, यावर दुमत असेल. पण फेटाळलेला विचार नोंदीत जिवंत राहतो, एवढे त्यातून दिसते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी कामत, पंजाबराव देशमुख, शहा, कुंझरू अशा विरोधकांची नावे घेऊन त्यांचे ऋण मान्य केले. सर्वांनी पक्षशिस्त पाळली असती तर ही सभा नीरस झाली असती, असे ते म्हणाले. आणि तांत्रिक हरकतींमुळे काम अडू दिले नाही, याबद्दल त्यांनी अध्यक्षांचे विशेष आभार मानले.

दुसऱ्या दिवशी राजेंद्रप्रसादांनी समारोप केला. कायदे करणाऱ्यांसाठी पात्रता ठरविता आली नाही आणि स्वतंत्र भारताची पहिली घटना भारतीय भाषेत लिहिता आली नाही, ही आपली दोन शल्ये त्यांनी तेव्हा बोलून दाखविली. कलमवार चर्चा संपली होती. त्यांच्या शब्दाचे वजन आता कोणत्याही पारड्यात पडणार नव्हते. मग त्यांनी घटना मताला टाकली. पुढच्या सभेत अध्यक्षाच्या खुर्चीत बसण्याची पाळी आपल्यापैकी ज्याच्यावर येईल, त्याने आदल्या रात्री यांतील एका दिवसाचे कामकाज तरी वाचावे. ६ डिसेंबर १९४८ हा दिवस मी सुचवीन.