ध्वनीची वीज होते का?

'मायक्रोफोन ध्वनिऊर्जेचे विद्युतऊर्जेत रूपांतर करतो' हे वाक्य आपण वर्गात सहज सांगतो. चुंबक आणि हलते वेटोळे असलेल्या मायक्रोफोनबाबत ते बरोबरही आहे. पण फळ्यावर जुन्या टेलिफोनमधल्या कार्बन मायक्रोफोनची आकृती काढून हेच वाक्य सांगितले, तर ते चुकते. ही चूक लक्षात येते ती तसा एखादा टेलिफोन खरखरू लागला म्हणजे.

कुणी बोलत नसतानाही खरखर ऐकू येते. ध्वनीच नाही, तर रूपांतर कशाचे झाले? आपल्या वाक्यापाशी याचे उत्तर नाही.

उत्तर त्या लहानशा डबीत आहे. तिच्यात पातळ पडद्यामागे कार्बनचे कण सैलसर भरलेले असतात आणि त्यांतून एक्स्चेंजच्या सुमारे ४८ व्होल्टच्या बॅटरीचा प्रवाह सतत वाहत असतो. आवाजाने पडदा आत दाबला गेला की कण एकमेकांना अधिक घट्ट टेकतात, रोध कमी होतो व प्रवाह वाढतो. पडदा मागे आला की उलट घडते. म्हणजे ऊर्जा बॅटरीची. ध्वनी फक्त नळाची तोटी कमीजास्त फिरवतो. म्हणूनच येथे बाहेर पडणारी विद्युतशक्ती आत आलेल्या ध्वनिशक्तीपेक्षा जास्त असू शकते. निव्वळ रूपांतरात हे अशक्य आहे.

आता खरखरीचा उलगडा होतो. वर्षानुवर्षांत कण झिजतात, दमट होतात, एकमेकांत दबून बसतात. मग त्यांच्यातील स्पर्शबिंदूंचा रोध आपोआप कमीजास्त होऊ लागतो आणि तेच आपल्याला ऐकू येते. रिसीव्हर हातावर हलकेच आपटला की आवाज सुधारतो, कारण कण मोकळे होतात. पण हा इलाज तात्पुरता. झिजलेले कण आपटून नवे होत नाहीत. शिवाय दोष नेहमी कणांचाच असेल असेही नाही. वायर हलवल्यावर खरखर बदलली, तर वायर तपासावी. डबीखालच्या स्प्रिंगपट्ट्या काळवंडल्या असतील, तर त्या पुसाव्यात. मात्र आधी टेलिफोन लाइनपासून सोडवावा, कारण घंटी वाजताना तारांवर ७५ व्होल्टच्या आसपास दाब येतो.

जुना टेलिफोन हाताशी नसला तरी अडत नाही. १८७८ साली डेव्हिड ह्यूज यांनी सैल स्पर्शाचा हा गुण तीन खिळ्यांनी दाखवला होता: दोन समांतर, तिसरा त्यांवर आडवा. वर्गात खिळ्यांऐवजी पेन्सिलीची तीन शिसे काड्यापेटीवर तशीच मांडा, दीड व्होल्टचा एक घट आणि इअरफोन एकसरीत जोडा. पेटीवर टिचकी मारा, मग घट काढून पुन्हा मारा.

दुसऱ्या वेळी काहीच ऐकू येणार नाही. ते का, हे विद्यार्थ्यांनी स्वतः सांगू द्यावे. त्यानंतर वहीतले वाक्य त्यांनाच दुरुस्त करायला सांगावे.