सीमा मालक : पाण्यावरील वास्तू आणि सीमेचा अर्थ

कोलंबोच्या बेइरा सरोवरातील 'सीमा मालक' या वास्तूची प्रशंसा बहुधा तिच्या सौंदर्यासाठी होते. ती यथार्थच आहे. परंतु बौद्ध वास्तूचे मूल्यमापन करताना तिच्यामागील धम्मविचारही तपासला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

पूर्वीची वास्तू पाण्यात खचल्यानंतर, 1970 च्या दशकाच्या अखेरीस स्थपती जेफ्री बावा यांनी गंगाराम विहारासाठी ही वास्तू रचली. पुलांनी जोडलेले तीन चौथरे, मधल्या चौथऱ्यावर लाकडी मंडप आणि वर उतरते कौलारू छप्पर, एवढीच तिची मांडणी. तिच्यात अनुराधपूर, रितिगल येथील प्राचीन अरण्यविहारांचे स्मरण आहे. बावांचे वास्तुशिक्षण मात्र लंडनचे, आणि हे सरोवरही परकीय सत्तांनी कोलंबोच्या किल्ल्याच्या रक्षणासाठी राखलेले. शत्रूला अडविणारे पाणी आज साधकाला शांतता देते. देशी आणि वसाहतकालीन परंपरांचा असा मेळ क्वचितच साधतो.

'सीमा' म्हणजे विनयानुसार संघकर्मासाठी आखलेली मर्यादा. उपसंपदा तिच्या आतच होते. श्रीलंकेत 1753 मध्ये सियाम निकायाचा उदय झाला. पुढे त्याची उपसंपदा उच्च मानल्या गेलेल्या गोविगम जातीपुरती राहिली. विनयाची सीमा जातीची सीमा झाली! तेव्हा दालचिनी सोलणाऱ्या सलागम जातीतील श्रामणेर ब्रह्मदेशातील अमरपूर येथे गेले, तेथे उपसंपदा घेऊन परतले आणि 1803 मध्ये बलपिटिय येथे नदीच्या पात्रात सीमा आखून त्यांनी इतरांस उपसंपदा दिली. जमिनीवर नाकारलेला अधिकार पाण्यावर मिळाला. महाडच्या चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्यांस याचे मोल वेगळे सांगावयास नको.

हा इतिहास ध्यानी घेता बावांच्या वास्तूचा मोकळेपणा अर्थपूर्ण ठरतो. तिच्यासाठी एका मुस्लिम कुटुंबाने आपल्या मुलाच्या स्मृतिप्रीत्यर्थ दान दिले, हेही उल्लेखनीय. तथापि एक आक्षेप नोंदविणे आमचे कर्तव्य आहे. बोधिवृक्षाच्या चौथऱ्यावर शिव, विष्णू, गणेश आणि कतरगम यांची छोटी देवळे आहेत. श्रीलंकेतील लोकाचारात हे रूढ असेल. 1956 च्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आम्हांस ते मान्य होणे शक्य नाही. जातीची सीमा ओलांडणाऱ्या परंपरेने देवांपुढे मात्र सीमा आखू नये, ही विसंगती आहे.

आपल्याकडे विहार बांधताना कमानी आणि घुमट यांचे अनुकरण सहज होते. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील स्तूप मात्र आतून पोकळ ठेवला गेला; अस्थी जपणाऱ्या भरीव स्तूपाऐवजी माणसांना आत घेणारा स्तूप आपण घडविला. अनुकरण करावयाचे तर या विचाराचे करावे. विहाराची सीमा कोणाला बाहेर ठेवते आणि कशाला आत येऊ देते, हे दोन्ही प्रश्न आराखड्यापूर्वी विचारले गेले पाहिजेत.