पॅरामीटर एम म्हणजे मेलबॉक्स

बाबा गेल्यावर त्यांची जुनी ईमेल्स एकदा नीट लावून ठेवायला बसलो. घराजवळच्या सायबर कॅफेत बसून ते लिहायचे, देवनागरी टाइप करायला नुकतेच शिकले होते. मी अजूनही मट वापरतो, म्हणजे टर्मिनलवर चालणारा, माऊसला हात न लावता पत्रं वाचायचा प्रोग्राम. (हसू नका, आपल्यापैकी अनेकांची पहिली ईमेल्स विद्यापीठाच्या अशाच काळ्या पडद्यावर आली होती.) पाच-सहा पत्रांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसली. 'आई' या दोन अक्षरांची सहा. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, आणि पत्र पाठवणाऱ्या सेवेनं आपण कुठलं एन्कोडिंग वापरतोय हे पत्रावर लिहिलंच नव्हतं.

उत्तर मिळालं ते थेट सोर्स कोडमध्ये. 'अझ्यूम्ड कॅरसेट' नावाच्या एका सेटिंगखाली कुणीतरी कमेंट लिहून ठेवली होती. तिचा आशय असा : पत्रावर एन्कोडिंगचा उल्लेख नसेल तर काय गृहीत धरायचं त्याची यादी इथे द्या, काही दिलं नाहीत तर यूएस-आस्की धरलं जाईल, आणि लक्षात ठेवा, पत्राच्या मजकुरासाठी यादीतलं पहिलंच नाव चालतं. शेवटची सूचना नसती तर माझी संध्याकाळ वाया गेली असती, कारण मी यादीत यूटीएफ-8 दुसरं टाकलं होतं.

म्हणून आज या कमेंटांबद्दलच लिहितोय. पुस्तकांवर आपण परीक्षणं लिहितो, मग रोज हजारो लोकांच्या कामी येणाऱ्या या गद्यावर का लिहू नये?

मट मायकेल एल्किन्स यांनी 1995 मध्ये लिहायला घेतला, सी भाषेत. त्यातली एक जुनी व्यवस्था मला फार आवडते. 'इनिट.एच' या फाइलीत प्रत्येक सेटिंगचं नाव, प्रकार आणि मूळ किंमत, आणि लगेच खाली त्याचं स्पष्टीकरण. 'मेकडॉक' नावाचा छोटा प्रोग्राम हीच स्पष्टीकरणं उचलून त्यातून मॅन्युअलही तयार करतो आणि मॅन पेजही. लिहायचं एकदाच. कुणी मूळ किंमत बदलायला गेला की तिचं वर्णन त्याच्या नाकासमोरच असतं, ते दुरुस्त न करता पुढे जायला कोडगेपणा लागतो.

2016 मध्ये मटपासून निओमट वेगळा निघाला, आणि त्या मंडळींनी आवराआवर मनावर घेतली. जवळजवळ प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर आता डॉक्सिजन या साधनाला समजेल अशी कमेंट आहे : हे काय करतं, काय घेतं, काय परत देतं. हे काम किती कंटाळवाणं असतं ते ज्यानं दुसऱ्याचं कपाट आवरलंय त्याला विचारा. यातला सर्वांत चांगला भाग मेलबॉक्सच्या प्रकारांचा. एमबॉक्स, मेलडिर, आयमॅप, पॉप हे सगळे उघडायची, तपासायची, बंद करायची तीच कामं आपापल्या पद्धतीनं करतात. त्या प्रत्येक कामाचा करार एकाच ठिकाणी लिहिलाय आणि बाकी ठिकाणी फक्त 'हा त्याचा अवतार' एवढंच म्हटलंय. मेलबॉक्स तपासणाऱ्या फंक्शनकडून परत येणाऱ्या आकड्यांनाही तिथे एकत्र नावं मिळालीत : चूक, ठीक, नवी पत्रं, पुन्हा उघडली, खुणा बदलल्या. आवरणं म्हणतात ते हे.

पण याच कोडमध्ये तुम्हाला जागोजाग एक ओळ भेटेल : 'पॅरामीटर एम : मेलबॉक्स'. त्याच्या अलीकडेच सी भाषेत 'मेलबॉक्स प्रकारचा एम' असं लिहिलेलं असतं. म्हणजे 'हा दरवाजा आहे' अशी दरवाज्यावर पाटी. तो एम रिकामा चालतो का? उघडलेला असावा लागतो की नाही? नवख्याला अडतं ते इथे, आणि बऱ्याचदा ओळ गप्प असते. रकाना भरला की साधन तक्रार करत नाही, एवढाच तिचा उपयोग. मला वाटतं, अशा ओळीपेक्षा कोरी जागा बरी. निदान काही राहिलंय हे तरी दिसतं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. सेटिंगची ती मोठी स्पष्टीकरणं निओमटनं कोडपासून उचलून 'डॉक्स' फोल्डरमधल्या एका वेगळ्या फाइलीत नेली. कारण कळतं : सेटिंग्ज आता वेगवेगळ्या विभागांत विखुरल्यात आणि प्रत्येकीशेजारी एक ओळीचं वर्णन ठेवलंयच. पण मूळ किंमत आता दोन ठिकाणी लिहावी लागते, कोडमध्ये आणि त्या फाइलीत. घर नीटनेटकं दिसतं, फक्त औषधाची बाटली एका खोलीत आणि डॉक्टरांची चिठ्ठी दुसऱ्या.

आवरण्याचा तिसरा एक प्रकार आहे, तो युडोरात पाहायला मिळतो. या एके काळच्या लोकप्रिय ईमेल प्रोग्रामचा कोड कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमनं 2018 मध्ये खुला केला. क्वालकॉमशी बोलणी व्हायला सुमारे पाच वर्षं लागली. खुला करताना कमेंटांमधले अपशब्द काढून टाकले. संग्रहालयाची अडचण मी समजू शकतो. तरी वाईट वाटलं. प्रोग्रामरनं जिथे शिवी हासडली, तिथे काहीतरी नक्की अवघड होतं, आणि पुढच्या वाचणाऱ्याला सावध करणारी कदाचित तेवढीच खूण होती.

बाबांच्या पत्रांत त्या कॅफेतल्या कीबोर्डला घातलेल्या शिव्या आहेत. त्या मी काढलेल्या नाहीत. 'यूटीएफ-8' यादीत पहिलं केल्यावर त्या स्वच्छ वाचता येतात.